मला मी थोडा वाढवून द्या

सभागृहात माझी जागा ठरलेली असते. शेवटच्या रांगेच्या मागे, दाराला लागून. तिथे एक टेबल, टेबलावर मिक्सर आणि मिक्सरच्या मागे मी. कार्यक्रमाला येणाऱ्यांपैकी काहींना मी तिकिटं तपासणारा वाटतो, काही जण चपला कुठे ठेवायच्या ते मला विचारतात आणि बाकीच्यांच्या दृष्टीनं मी नसतोच. मी आहे हे सगळ्यांना एकदम कळतं ते स्पीकरमधून ‘कुईऽऽऽ’ अशी शिट्टी आली की. त्या क्षणी अख्खं सभागृह मान वळवून माझ्याकडे बघतं. माझ्या स्वतःच्या लग्नातही माझ्याकडे इतक्या लोकांनी इतक्या एकाग्रतेनं बघितलं नव्हतं.

ही शिट्टी येते कशी ते सांगतो. माईकमध्ये शिरलेला आवाज स्पीकरमधून मोठा होऊन बाहेर पडतो. तोच आवाज फिरून पुन्हा माईकमध्ये शिरतो, आणखी मोठा होऊन बाहेर येतो, पुन्हा शिरतो. डेन्मार्कच्या सोरेन लार्सन नावाच्या शास्त्रज्ञानं याचा उलगडा केला, म्हणून या प्रकाराला त्याचं नाव मिळालं. त्याला नाव मिळालं आणि मला नावं ठेवणारे मिळाले. खरं तर स्वतःचाच आवाज ऐकून आणखी जोरात बोलायचं आणि ते ऐकून त्याहून जोरात, हा दोष काही फक्त यंत्रांना जडत नाही. पण यंत्राला झाला की साउंडवाल्याला बोलावतात आणि व्यासपीठावरच्या माणसाला झाला की त्याला पुढच्या वर्षी अध्यक्ष करतात.

कामाची सुरुवात फोनपासून होते.

“काही विशेष नाही हो. साधाच घरगुती कार्यक्रम आहे. एक माईक, दोन बॉक्स, झालं.”

“गाणंबिणं आहे का?”

“छे! गाणं कसलं? आमच्या मेहुण्यांची एकसष्टी आहे. हां, म्हणजे मेहुणे थोडंसं गातात.”

‘थोडंसं गातात’ हे ऐकलं की मी टेम्पो मोठा सांगतो. कारण प्रत्यक्ष कार्यक्रमाच्या दिवशी मेहुण्यांबरोबर हार्मोनियम, तबला, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, बासरी, कोरसला दोन भाच्या आणि एक निवेदिका असा लवाजमा उतरतो. तेवढ्यात कुणाची तरी नात भरतनाट्यम करणार असल्याचं कळतं आणि तिच्या घुंगरांना खाली वेगळा माईक हवा असतो.

“अहो, तुम्ही एकच माईक म्हणाला होतात.”

“मग एकाच वेळी एकच जण बोलणार आहे की! बाकीचे वाजवणार आहेत. आणि तुमच्याकडे असतात ना माईक? नुसते जोडायचे तर आहेत.”

या ‘नुसते जोडायचे तर आहेत’वर माझा उदरनिर्वाह चालतो. पैशाचं बोलणं निघालं की समोरचा म्हणतो, “जेवण आमच्याकडे.” ते जेवण कार्यक्रम चालू असताना तयार असतं आणि कार्यक्रम संपेपर्यंत संपलेलं असतं. केबल गुंडाळून होईपर्यंत उरतो तो मठ्ठा.

मग साउंड चेक. माईक चालू आहे की नाही हे पाहण्याच्या आपल्याकडे तीन परंपरा आहेत. पहिली ठोकण्याची. दार ठोठावावं तसा माईक बोटानं ठोकतात. आत कुणी असेल तर उत्तर देईल अशी अपेक्षा असावी. दुसरी फुंकण्याची. तिसरी ‘हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग, वन टू थ्री’ म्हणण्याची. ‘थ्री’च्या पुढे कुणी गेलेलं माझ्या ऐकण्यात नाही, गणिताच्या शिक्षकांच्या निरोप समारंभातही नाही. फुंकणाऱ्यांची सोय मात्र माईक बनवणाऱ्यांनी पूर्वीच करून ठेवली आहे. शुअर कंपनीचा एसएम ५८ हा माईक १९६६ साली आला. त्याच्या जाळीच्या आत फुंकर अडवायला स्पंजचा थर असतो. सातासमुद्रापलीकडे बसून त्यांनी आपल्या प्रमुख पाहुण्यांचा विचार केला, याचं मला फार कौतुक वाटतं.

साउंड चेकला मुख्य कलाकार येत नाहीत. ते पुतण्याला पाठवतात. पुतण्या माईकसमोर उभा राहून “ठीक आहे” असं म्हणतो, मी त्या ‘ठीक आहे’वर सगळा आवाज लावतो आणि संध्याकाळी काका येऊन तार सप्तकातला पंचम लावतात. शिवाय चेक होतो रिकाम्या सभागृहात आणि कार्यक्रम होतो भरलेल्या. गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती आणि वर पत्रा असलेल्या मंगल कार्यालयात दुपारी ‘हॅलो’ म्हटलं तर ते हॅलो हात धुवायच्या जागेपर्यंत जाऊन परत येतं. माणसं आली की त्यांचे कपडे आणि अंग आवाज शोषून घेतात, घुमणं कमी होतं. म्हणून मी आयोजकांना विचारतो, “किती लोक अपेक्षित आहेत?”

“पाचशे! खुर्च्या कमी पडणार बघा.”

मी पाचशेंच्या हिशेबानं आवाज लावतो. साठ येतात. त्यातले वीस कलाकारांचे नातेवाईक असल्यामुळे विंगेत उभे. आवाज घुमायला लागतो आणि आयोजक धावत माझ्याकडे येतात, “अहो, काय हे, घुमतोय केवढा!” काय सांगणार? घुमतोय तो साउंड नव्हे साहेब, रिकाम्या खुर्च्या घुमताहेत. पण हे वाक्य बोलणाऱ्याला पुढचं काम मिळत नाही. मी नम्रपणे एक बटण फिरवतो.

वक्त्यांचे मुख्य प्रकार दोन. पहिला, ज्याला माईक लागत नाही. “मला माईकची गरज नसते, मी शाळेत शिक्षक होतो,” असं जो माईक बाजूला सारून सांगतो, त्याचा आवाज हमखास दुसऱ्या रांगेत पोचत नाही. त्याला समजावून माईक हातात दिला की पहिल्या वाक्याला माईक ओठांशी असतो, प्रस्तावनेला हनुवटीशी, विषयाला हात घालेपर्यंत छातीशी आणि ‘शेवटचे दोन शब्द’ सांगताना पोटाशी. माईकपासूनचं अंतर दुप्पट झालं की त्याच्यापर्यंत पोचणारा जोर चौथाईवर येतो. तोंडाशी असलेला माईक पोटाशी गेल्यावर माझ्याकडे वक्त्याच्या विचारांपेक्षा त्याच्या पचनाची माहिती जास्त येते. दुसरा प्रकार, ज्याचा आवाज मुळातच चावडीवरून शिवारात जाईल असा असतो. तो माईक ओठांना चिकटवून, जाळी मुठीत गच्च आवळून बोलतो. जाळी झाकली की माईकला समोरचं आणि पाठीमागचं यातला फरक कळेनासा होतो, तो सगळीकडचा आवाज ओढतो आणि शिट्टी मारतो. मग माना वळतात. कुणाकडे, ते सांगितलंच आहे.

या दोघांवर उपाय म्हणून कॉलर माईक आला. तो लावला की दोन्ही हात मोकळे राहतात. मग त्या मोकळ्या हातांनी सत्कारमूर्ती शाल घेतात, वर हार घालून घेतात, हाराखाली माईक घुसमटतो आणि सभागृहात झेंडूचा खरखराट ऐकू येतो. पण कॉलर माईकचा खरा धोका पुढेच असतो. माणूस मंचावरून उतरतो आणि अंगावर माईक आहे हे विसरतो. कॉर्डलेस असल्यामुळे माईक त्याच्याबरोबर विंगेत जातो, चहाच्या टेबलापाशी जातो आणि जिथे माणसानं एकट्यानं जायचं तिथेही जातो. आत्ताच ज्यांनी मंचावरून “आमच्या संस्थेचा कणा” म्हणून खजिनदारांना गौरवलं, ते आत जाऊन खजिनदारांबद्दल काय म्हणतात, हे माझ्या हेडफोनमध्ये येत असतं. सभागृहात जात नाही, कारण माझं बोट म्यूटवर असतं. या जिल्ह्यातल्या कित्येक संस्था अजून एकसंध आहेत त्या घटनेमुळे नव्हेत. त्या माझ्या म्यूट बटणामुळे आहेत.

आता गाण्याच्या कार्यक्रमाकडे वळू. मंचावर कलाकारांच्या समोर, त्यांच्याकडे तोंड करून, तिरके ठेवलेले लहान स्पीकर तुम्ही पाहिले असतील. ते मॉनिटर. आपण काय गातोय, बाकीचे काय वाजवताहेत हे कलाकारांना ऐकू यावं म्हणून त्यांची योजना. कल्पना अशी की सगळ्यांनी सगळ्यांना ऐकावं. ही कल्पना ज्यानं काढली तो भला माणूस असणार आणि त्याला नातेवाईक नसणार.

पहिल्या गाण्याच्या पहिल्या कडव्यातच तबलजींचं बोट वर जातं. बोट आधी स्वतःच्या छातीकडे, मग आकाशाकडे. अर्थ, ‘मला मी थोडा वाढवून द्या.’ मी त्यांच्या मॉनिटरमध्ये तबला वाढवतो. शेजारच्या हार्मोनियमवाल्यांना तबला जास्त ऐकू यायला लागतो, म्हणून त्यांचं बोट वर. हार्मोनियम वाढते, म्हणून बासरीवाले भुवया वर करतात. त्यांचे हात गुंतलेले असतात. मग गायक गाता गाता, आलापाचा भाग वाटावा अशा सफाईनं, एक हात स्वतःकडे आणि दुसरा बाकी सगळ्यांकडे करून पहिला वर नि दुसरा खाली नेतात. रसिक समजतात भाव व्यक्त होतोय. भाव एवढाच असतो, ‘मी वाढवा, हे कमी करा.’ या धंद्यात वर जाणारं बोट नेहमी स्वतःसाठी असतं आणि खाली जाणारं दुसऱ्यासाठी. ‘मला मी जरा जास्त झालोय, कमी करा’ असं सांगणारा कलाकार मला अजून भेटायचा आहे. मागे तानपुऱ्यावर बसलेली मुलगी तेवढी काही मागत नाही. तिला बोट वर करण्याची सोय नाही, दोन्ही हातात तानपुरा आहे.

अशी वाढवावाढवी करत तिसऱ्या गाण्यापर्यंत मंचावरचा आवाज सभागृहातल्यापेक्षा मोठा होतो, लार्सनसाहेब प्रकट होतात आणि शिट्टी येते. सगळे कलाकार खेदानं माझ्याकडे बघून मान हलवतात. त्यात आधी बोट वर केलेले सगळे असतात.

यावर धंद्यातल्या जुन्या माणसांनी शोधलेला एक उपाय आहे आणि तो मी ईश्वरी वरदान मानतो. मिक्सरवर एक चॅनेल मोकळं ठेवायचं. त्याला काहीही जोडायचं नाही. कुणी आवाज वाढवायला सांगितलं की त्याला दिसेल असा हात उंच करायचा, त्या चॅनेलचा फेडर सावकाश, आदरपूर्वक वर सरकवायचा आणि प्रश्नार्थक बघायचं. समोरून अंगठा येतो. “हां, आत्ता कसं!” एका ज्येष्ठ गायकांनी तर मध्यंतरात येऊन मला सांगितलं, “तुम्ही नंतर जो वाढवलात ना, त्यानं षड्ज कसा मोकळा झाला!” मी म्हटलं, “आपला आशीर्वाद.” दुसरं काय म्हणणार? सांगायचा मुद्दा असा की माणसाला आवाज वाढून नको असतो, कुणीतरी आपल्यासाठी काहीतरी वाढवताना दिसायला हवा असतो.

हे चॅनेल रसिकांसाठीही वापरता येतं. पहिल्या रांगेतून चिठ्ठी येते, ‘आवाज फार मोठा आहे, कानठळ्या बसतात.’ त्याच सुमारास शेवटच्या रांगेतून हाळी येते, “आवाऽऽज!” पहिली रांग बॉक्सच्या पुढ्यात बसलेली असते. पहिल्या रांगेचा पास मिळवायला माणसं महिनाभर ओळखी काढतात आणि मिळाल्यावर शेवटच्या रांगेतला आवाज मागतात. शिवाय प्रत्येक कार्यक्रमात घरी होम थिएटर घेतलेला एक गृहस्थ असतो. तो माझ्या खांद्यावरून मिक्सरकडे बघत म्हणतो, “मिड्स जरा कट करा.” त्याच्यासाठी मी मोकळ्या चॅनेलचं एक खास बटण राखून ठेवलं आहे.

आणि एक आजोबा असतात. ते काही करायला सांगत नाहीत, फक्त इतिहास सांगतात. “पूर्वी कुठं होते हो माईक? नटाचा आवाज पिटातल्या शेवटच्या माणसापर्यंत जायचा.” खरं आहे. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘शाकुंतल’ रंगमंचावर आणलं तेव्हा माईक नव्हता. पण तेव्हा डोक्यावर विजेचे पंखे नव्हते, एसीची घरघर नव्हती, बाहेर जनरेटर नव्हता आणि नाजूक प्रसंगी वेफर्सचं पाकीट दातानं फोडणारा प्रेक्षकही नव्हता. हे मी आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, “काय म्हणालात? जरा मोठ्यानं बोला.”

सभागृहातून रस्त्यावर आलो की प्रश्न साधा होतो. तिथे सगळ्यांना एकच गोष्ट हवी असते. गणपतीच्या आधी मंडळाचे अध्यक्ष कार्यकर्त्यांसह येतात. “आपल्याला जास्त काही नको. फक्त पलीकडच्या मंडळापेक्षा डबल आवाज पाहिजे.” मी त्यांना समजावतो की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटायचा तर दहा डेसिबल वाढवावे लागतात आणि दहा डेसिबल वाढवायचे म्हणजे दहापट ताकद लागते. दुप्पट वॅटचा ॲम्प्लिफायर आणला तर वाढतात जेमतेम तीन डेसिबल. तेवढे पलीकडच्यांना कळणारही नाहीत. अध्यक्ष विचारात पडतात. “मग असं करा, आवाज राहू द्या. बॉक्स डबल लावा. रिकामे असले तरी चालतील.” मोकळ्या चॅनेलचं तत्त्व त्यांना उपजतच कळलेलं असतं.

मी त्यांना कायदाही सांगतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. दोन माणसं समोरासमोर नेहमीसारखी बोलली तरी साठाच्या आसपास जातात. म्हणजे आमच्या अध्यक्षांनी नुसतं ‘या, बसा’ म्हटलं तरी नियमभंग होतो. रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर बंद. वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार ही मुदत बारापर्यंत वाढवू शकतं, आणि ते पंधरा दिवस आपल्याच वाट्याला यावेत असं प्रत्येक मंडळाला वाटतं. एरवीचा क्रम असा असतो. कार्यक्रम सातचा. पाहुणे साडेआठला. दीपप्रज्वलनाला वारा. सत्कार पावणेदहापर्यंत. मग निवेदक गायिकेला म्हणतो, “वेळेअभावी आपण एकच गाणं घेऊ या.” तिनं सूर लावला की हवालदार माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहतात. मंचावर अध्यक्ष, आमदार, नगरसेवक अशी कर्तबगार माणसं बसलेली असतात, पण कायदा नेहमी साउंडवाल्यापासून सुरू होतो.

मैदानावरच्या सभेची मजा वेगळी. मंचापासून लांब बसलेल्यांसाठी मध्ये आणखी स्पीकर लावावे लागतात. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. वीज त्याच्या कितीतरी पुढे. त्यामुळे मागचे स्पीकर मंचावरच्या आवाजाआधीच बोलून मोकळे होतात आणि मागच्या लोकांना प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येतं. म्हणून मागच्या स्पीकरना मुद्दाम उशीर करायला लावतो. ३४ मीटरला सेकंदाचा दहावा भाग. मागचे लोक त्यानं सुखी होतात, पण मैदानाच्या टोकाला उंच इमारत असली की वक्त्याला स्वतःची वाक्यं परत ऐकू येतात. अशा एका सभेत उतरल्यावर नेते मला म्हणाले, “लोक काय रंगले होते हो! माझं एकेक वाक्य परत म्हणत होते.” समोर लोक बेताचेच होते. मी म्हटलं, “हो साहेब, दाद होती ती.” मग त्यांनी स्वतःहून बिल मंजूर करायला सांगितलं. तेव्हापासून उंच इमारतींविषयी माझ्या मनात आदर आहे.

राहिली वीज. मंडपवाला, लाईटवाला आणि साउंडवाला या तिघांना एकाच बोर्डावरून वीज देतात आणि मग साउंडमधून ‘हम्ऽऽ’ का येतं असं विचारतात. ते पन्नास हर्ट्झचं गुणगुणणं असतं. लाईटवाल्यानं डिमर फिरवला की त्यात माशांचं मोहोळ मिसळतं. “लाईटमुळे येतंय,” मी म्हणतो. “आमच्याकडे कधी आवाज येत नाही,” लाईटवाला म्हणतो, आणि तेही खरंच असतं. मंडपवाला काही बोलत नाही. तो माझ्या केबलवर खांब उभा करत असतो.

गेल्या हंगामातली एक मैफल सांगतो आणि थांबतो. गावातली जुनी संस्था, मध्यम सभागृह, शास्त्रीय गाणं. बोटं नेहमीप्रमाणे वर-खाली चालली होती. ऐन मध्यात वीज गेली. जनरेटर होता, डिझेलही होतं. किल्ली ज्याच्या खिशात होती तो माणूस जेवायला गेला होता. गायिका क्षणभर थांबल्या आणि तशाच अंधारात पुढे गाऊ लागल्या. आता बोट वर करून काही उपयोग नव्हता, म्हणून तबलजींनी आपणहून हात हलका केला. हार्मोनियम मागे सरली. वेफर्सचं पाकीट अर्धवट फुटून थांबलं. पंखे बंद असल्यामुळे उकडत होतं, पण शेवटच्या रांगेत माझ्यापर्यंत शब्दन् शब्द येत होता. वीस-एक मिनिटांनी किल्ली जेवून आली. उजेड झाला, पंखे फिरले, ‘हम्ऽऽ’ परतलं आणि तबलजींचं बोट वर गेलं.

कार्यक्रम संपल्यावर ते इतिहासवाले आजोबा काठी टेकत माझ्या टेबलाशी आले. माझा हात हातात घेतला. म्हणाले, “शाब्बास! इतका स्वच्छ साउंड या सभागृहात कधी ऐकला नव्हता. विशेषतः तो मधला भाग.”

मी दोन्ही हात जोडले. कौतुक नाकारण्याची आम्हाला सवय नाही, कारण ते स्वीकारण्याचीच नाही.

आजोबा गेल्यावर सचिव बिल घेऊन आले. “मधली वीस मिनिटं तुमचा साउंड बंदच होता. तेवढे पैसे कमी करू.”

“अहो, आत्ताच ते आजोबा सांगून गेले, तेवढाच साउंड उत्तम होता.”

“ते आमचे संस्थापक सदस्य,” सचिव गंभीर झाले. बिलावरून पेन फिरवता फिरवता थबकले, थोडा विचार केला आणि म्हणाले, “मग असं करू. पुढच्या वर्षी पूर्ण कार्यक्रमाला तोच साउंड द्या. बोला, काय घ्याल?”

मी नेहमीचाच दर सांगितला. जेवण त्यांच्याकडे.